शेत धुणारा मुलूख

फेब्रुवारी संपत आलेला. हवेत अजून बोचरी थंडी. शेतात पीक नाही, बी टाकलेलं नाही, कापसाच्या पेरणीला अजून महिना-दीड महिना अवकाश. आणि शेतकरी फावडं खांद्यावर टाकून निघालाय पाणी द्यायला! वाफे बांधून झालेत, बांध चोपून घट्ट केलेत आणि पाटाचं पाणी उघड्याबोडक्या जमिनीवर सोडलंय. वावर तुडुंब भरतं. काही दिवसांत पाणी जिरतं. मग पुन्हा भरायचं, पुन्हा जिरू द्यायचं. काही शेतांत तर तिसऱ्यांदाही.

कशाला पाणी देताहेत हे? पीकच नाही तर पितंय कोण?

कुणीच पीत नाहीये. ही माणसं शेत धूत आहेत.

उझबेकिस्तानच्या पश्चिमेला, अमू दर्या नदीच्या डाव्या काठावर ख्वारिझम नावाचा प्रांत आहे. साधारण ६,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही लहान. माणसं मात्र वीस लाखांच्या घरात. एका अंगाला काराकुमचं वाळवंट, नदीपलीकडे किझिलकुमचं. पाऊस वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आतबाहेर. ज्याला आपण पिढ्यानपिढ्या दुष्काळी म्हणत आलो त्या माणदेशातसुद्धा याच्या चार-पाच पट पडतो! उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यात शून्याखाली पार घसरतो. आणि अशा ठिकाणी २.७ लाख हेक्टरच्या आसपास बागायती जमीन आहे. कापूस, गहू, खरबुजं, सफरचंदं. एवढंच कशाला, भातसुद्धा! गुर्लान तालुका तर तांदळासाठीच नावाजलेला. वाळवंटात गुडघाभर पाण्यात भाताची लावणी, ही काय भानगड आहे?

भानगड नदीची आहे. अमू दर्याचं पाणी पामीरच्या बर्फातून येतं. आता गंमत बघा. पावसावरच्या नद्या पावसाळ्यात फुगतात आणि ऐन उन्हाळ्यात आटतात. ही मात्र उन्हाळ्यातच फुगते, कारण तेव्हाच डोंगरावरचं बर्फ वितळतं. सूर्य जितका जास्त तापेल तितकं नदीला पाणी जास्त. म्हणजे जुलैत इकडे कापसाला तहान लागते आणि नेमकी तेव्हाच नदी दुथडी भरलेली असते. हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या डोंगरात जणू कुणी या शेतांसाठीच साठा करून ठेवलाय आणि ऊन तापलं की आपोआप दरवाजे उघडले जातात.

पण नदी एकटं पाणी आणत नाही. ती गाळ आणते, अफाट गाळ, नाईलपेक्षाही जास्त. पामीर झिजवत, कातत निघालेली ही नदी सपाटीवर आली की मंदावते आणि ओझं खाली टाकू लागते. हजारो वर्षं टाकतेच आहे. ख्वारिझमची सगळी जमीन म्हणजे हे टाकलेलं ओझं. इथे खणायला लागा, खडक लागतच नाही. माती, रेती, पुन्हा माती. जो दगड दिसेल तो बाहेरून आणलेला.

आणि स्वतःच्या गाळाने पात्र भरून आलं की नदी काय करते? दुसरीकडे निघून जाते. इतिहासकाळात ही नदी कधी उत्तरेला अरल समुद्राकडे गेली, तर कधी तिचं पाणी पश्चिमेला सारीकामिशच्या खोलगट भागाकडे वळलं. प्राचीन काळी तर तिथून पुढे उझबोय नावाच्या पात्रातून ते थेट कास्पियनला जाऊन मिळायचं. ते कोरडं पात्र आजही वाळवंटात पडलेलं आहे. नदीच जागा बदलते म्हटल्यावर काठावरच्या माणसांनी काय करायचं?

विचारा तुर्तकुल शहराला. नदीपलीकडच्या काराकल्पाकस्तानची ती राजधानी होती. पाण्याने काठ आतून पोखरायचा आणि वरचा भाग घरादारांसकट ढासळायचा, असं सुरू झालं. शेवटी १९३०च्या दशकात राजधानीच उचलून नुकूसला न्यावी लागली. नदीच्या या खाण्याला तिथले लोक ‘देगिश’ म्हणतात. पूर नव्हे हा. पूर येतो आणि ओसरतो, जमीन जागेवर राहते. देगिश जमीनच घेऊन जातो.

हजार वर्षांपूर्वी एका तरुणाने हेच पाहिलं होतं. ९७३ साली काथ या ख्वारिझमच्या तेव्हाच्या राजधानीत एक मुलगा जन्मला. शहरात अल-फीर नावाचा एक प्रचंड जुना किल्ला होता, कोसांवरून दिसणारा. नदी दरवर्षी त्याचा एकेक तुकडा तोडून नेत होती. ९९४च्या सुमारास त्याची शेवटची खूणही गेली. हे लिहून ठेवणारा तो मुलगा म्हणजे अल-बिरुनी. पुढे १०१७ साली महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकलं आणि बिरुनीला गझनीला नेलं. तिथून तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि १०३०च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात प्रवासाच्या वाटा सांगताना ‘मरहट्ट देश’ येतो आणि कोकणची राजधानी म्हणून आपलं ठाणंही येतं!

पण मला त्या ग्रंथातली खरी कमाल वाटते ती वेगळीच. गंगेचं मैदान बघून तो म्हणतो, डोंगराजवळ दगड मोठे आणि वाटोळे आहेत, खाली यावं तसे ते लहान होतात, आणि जिथे नद्या संथ होऊन समुद्राला भिडतात तिथे निव्वळ रेती उरते. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की हा सगळा प्रदेश पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत गेला असावा. अकराव्या शतकात! भूगर्भशास्त्र नावाची विद्याच जन्मायची होती. इतर प्रवाशांना मैदान दिसलं, याला नदीचं काम दिसलं. का दिसणार नाही? ज्याच्या गावचा किल्ला नदीने डोळ्यांदेखत विरघळवून नेला, त्याला जमीन कायमची असते हे कोण पटवणार?

आता पुन्हा शेतात या. गाळाचं झालं, पण शेत धुवायचं ते मिठापायी. हे मीठ येतं कुठून?

नदीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. इथपर्यंत पोचेतो लिटरमागे निदान अर्धा ग्रॅम धरा. चवीला कळणारही नाही. पण हिशेब करून बघा. एका हेक्टरवर हंगामभरात मिळून एक मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते झालं एक कोटी लिटर. म्हणजे पन्नास क्विंटल मीठ, एका हेक्टरवर, एका वर्षात, आणि तेही ज्याला आपण गोडं पाणी म्हणतो त्यातून! पीक पाणी पिऊन घेतं, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मात्र कुणालाच नको असतं. ते मागे राहतं.

त्यात आणखी एक अडचण. इथे भूजल फार वर आहे, कित्येक ठिकाणी दीड मीटरवरच. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं ते मातीच्या कणांमधल्या फटींतून वर चढत राहतं. पृष्ठभागावर आलं की वाफ होऊन जातं आणि खालून आणलेलं मीठ वर ठेवून जातं. हिवाळ्याअखेरीला ढेकळांच्या कडा पांढऱ्या दिसतात, बर्फ पडल्यासारख्या. जवळ जाऊन बोटाने खरवडा, भुरभुरीत पांढरी पूड हाताला लागते. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. पाणी आलं, ऊस आला, आणि मागोमाग जमीन क्षारपड झाली, ही कथा तिथे बांधाबांधावर ऐकायला मिळते.

म्हणून धुलाई. वरून पाणी भरायचं, ते मीठ विरघळवून मुळांच्या खाली घेऊन जातं. पण खाली ढकललेलं मीठ तिथेच राहिलं, तर चार महिन्यांत ते पुन्हा वर येणार. ते शेताबाहेर काढायला हवं. त्यासाठी प्रत्येक शिवारात खोल चर खणलेत. ते मोठ्या चरांना मिळतात, मोठे चर त्याहून मोठ्या नाल्यांना. हजारो किलोमीटर! म्हणजे या प्रांतात पाण्याची दोन जाळी आहेत, एक पाणी आणणारं, दुसरं घालवणारं. आपण धरण-कालव्यांचं कौतुक करतो तेव्हा पहिल्याचंच करतो. वाळवंटात पाणी आणणं अवघड खरं, पण आणलेलं पाणी बाहेर काढता आलं नाही तर तेच पाणी शेत मारतं. ख्वारिझम जगतं ते दुसऱ्या जाळ्याच्या जोरावर.

मग पंप नव्हते, यंत्रं नव्हती, तेव्हा हे कसं चालायचं? दोन-अडीच हजार वर्षं इथे पाटपाण्याची शेती आहे. १९३७ साली सर्गेई टॉलस्टॉव्ह या रशियन पुरातत्त्वज्ञाने इथली मोहीम सुरू केली. पुढे विमानातून पाहणी झाली तेव्हा आज निव्वळ वाळू असलेल्या भागात, पडक्या किल्ल्यांच्या भोवती, जुन्या पाटांच्या रेषाच्या रेषा दिसल्या. पायाखालून गेल्या तरी न कळणाऱ्या रेषा वरून नकाशासारख्या स्पष्ट!

जुनी व्यवस्था अशी. नदीतून फुटणारा मोठा कालवा म्हणजे ‘अर्ना’, त्याची शाखा ‘योप’. दोन्ही खोल खणलेले, पाण्याची पातळी शेताच्या खाली. मग पाणी शेतात चढायचं कसं? ‘चिगीर’ने, म्हणजे आपल्या रहाटगाडग्याने. उभं लाकडी चाक, त्याला बांधलेली मातीची गाडगी, आणि फिरवायला उंट, गाढव किंवा बैल. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं जनावर गोल गोल चालतंय, चाक करकरतंय, गाडगं खाली बुडतंय, भरून वर येतंय, पन्हाळीत रितं होतंय. ख्वारिझममध्ये असे हजारो चिगीर होते.

सोविएत इंजिनियरांना हा सगळा मागासपणा वाटला. त्यात नवल नाही. आपणही तेच म्हणालो असतो. त्यांनी कालवे उंच केले, पाणी उताराने आपोआप शेतात येऊ लागलं. जनावरं सुटली, माणसं सुटली. आणि मग उघड झालं की चिगीर नुसतं पाणी उचलत नव्हता, पाण्याची उधळपट्टीही रोखत होता. एकेक गाडगं उचलून आणलेलं पाणी कोण वाया घालवेल? खोल पाट तर आसपासचं भूजल खालीच ओढून धरायचे. फुकट, वाहतं पाणी आल्यावर हात सैल सुटला, उंच कालव्यांतून झिरपा वाढला, भूजल वर आलं, आणि त्याच्या पाठोपाठ मीठ.

गाळ उपसायची मेहनत तर पूर्वापार. एवढी गढूळ नदी पाटात घेतली की पाट दरसाल भरणार. सोविएत काळाआधी, इथल्या खानाच्या राज्यात, हिवाळा सरताना गावोगावची माणसं बिगारीवर या कामाला जुंपली जायची. उपसलेला गाळ काठावर टाकत टाकत पाटांच्या दोन्ही अंगांना टेकाडं उभी राहिली. सपाट मुलखातला एवढाच काय तो डोंगर!

पाटाचा गणिताशीही संबंध आहे, आणि तो अगदी लेखी पुरावा असलेला. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझमी हा विद्वान होऊन गेला. याच मुलखाचं नाव तो आपल्या नावात वागवत होता. भारतीय अंकपद्धती अरबी जगाला समजावून सांगणारं पुस्तक त्याचं आणि बीजगणिताचा पाया घालणारा ग्रंथही त्याचाच. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने हे गणित कुणाच्या उपयोगाचं हे सांगितलंय. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई! शाळेत ‘क्ष’ची किंमत काढताना आपल्याला पाट खणायची आठवण कुणी करून दिली होती का?

मग या सगळ्या खटाटोपातून पिकतं काय? कापूस सोडा, तो सगळीकडे पिकतो. पिकतं ते खरबूज. दिवसा भाजणारं ऊन, रात्री थंडावा, कोरडी हवा आणि हलकी, थोडी खारट माती. यात खरबुजात अशी साखर भरते की हात चिकट होऊन जातात. नवव्या शतकातल्या अब्बासी खलिफांसाठी ख्वारिझमची खरबुजं बर्फ भरलेल्या शिशाच्या पेट्यांतून बगदादला जायची आणि धड पोचलेल्या एकेकाची किंमत सातशे दिरहम व्हायची, असं सआलिबी या लेखकाने नोंदवून ठेवलंय. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं शीतगृहच ते!

१३३३च्या सुमारास इब्न बतूता इथून गेला. तो सांगतो की लोक खरबुजाच्या फाका कापून उन्हात वाळवतात, बोरूच्या टोपल्यांत भरतात आणि त्या थेट हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जातात. दिल्लीत असताना तो ती वाळवणं बाजारातून मागवायचा, आणि त्याची आवड ठाऊक असल्यामुळे सुलतानही ती त्याच्याकडे पाठवून द्यायचा. हा सुलतान म्हणजे मुहम्मद तुघलक, राजधानी आपल्या देवगिरीला हलवणारा तोच. ताजं खरबूज टिकवायचीही युक्ती आहे. उशिरा येणारी जात काढायची, पाणवनस्पतींच्या पात्यांनी गुंडाळायची आणि अंधाऱ्या, थंड खोलीत आढ्याला टांगून ठेवायची. जमिनीवर ठेवलं तर टेकलेल्या बाजूने सडतं, टांगलेलं वसंतापर्यंत टिकतं.

माणसंही अशीच मुलखावेगळी. उझबेक खरी, पण त्यांची बोली ताश्कंदच्या बोलीपेक्षा तुर्कमेन भाषेला जवळची. भर उन्हाळ्यातही म्हातारे डोक्यावर मेंढीच्या लोकरीची भली मोठी टोपी घालतात. थंडी अडवणारी लोकर ऊनही अडवतेच ना! लग्नात गाणी म्हणायला ‘खल्फा’ म्हणवणाऱ्या बायका येतात, हातात अ‍ॅकॉर्डियन घेऊन. आणि ‘लाझगी’ नाच सुरू होतो तेव्हा नाचणारी आधी जागची हलतसुद्धा नाही. फक्त बोटं थरथरतात. मग मनगट, मग कोपर, मग खांदा, आणि बघता बघता सगळं अंग लयीत उसळू लागतं. २०१९ मध्ये युनेस्कोने या नाचाला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

स्वयंपाकघरातला एक चमत्कार सांगितलाच पाहिजे, ‘तुखुम बराक’. कणकेची पातळ पारी, तीन बाजूंनी बंद करून केलेली पिशवी. तिच्यात सारण काय? कच्चं अंडं! दूध-तेल घालून फेटलेलं, पातळ, ओतायचं. ओतलं की तोंड चिमटून पिशवी त्याच क्षणी उकळत्या पाण्यात. क्षणभर उशीर झाला की कणीक ओली होऊन फुटते. पाण्यात पडताच आतलं अंडं फुलून घट्ट होतं. वर दही घालून खायचं. सराव नसलेल्याने करायला घेऊ नये.

घरंही मिठाशी भांडूनच उभी आहेत. मातीच्या भिंतीत मीठ चढलं की ती पायथ्याकडून भुसभुशीत होते. म्हणून खिवा या इथल्या जुन्या शहराच्या बांधकामात पाया आणि भिंत यांच्यामध्ये बोरूचा थर घालत. पाणी तिथेच अडतं, वर चढत नाही. शिवाय भूकंपाचा धक्काही तो थर सोसतो.

शेतातून निघालेलं ते खारं पाणी शेवटी जातं कुठे? सारीकामिशच्या त्याच खोलगट भागात, जिथे पूर्वी नदीच जायची. १९६०च्या दशकापासून निचऱ्याचं पाणी तिकडे वळवलं गेलं आणि कोरड्या खळग्यात ३,००० चौरस किलोमीटरहून मोठं सरोवर तयार झालं. त्याच काळात उत्तरेला अरल समुद्र आटत होता, कारण त्याचं पाणी वरच्या वर कापसाला जात होतं. १९६० साली जगात चौथ्या क्रमांकाचं असलेलं ते सरोवर आज एक दशांशही उरलेलं नाही. शेजारी शेजारी एक सरोवर मेलं, एक जन्मलं, आणि दोन्हींना कारण तोच कापूस.

त्या कापसाची दुसरी बाजूही आहे. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर यांना वर्षानुवर्षं सक्तीने वेचणीला पाठवलं जायचं. सरकारी कोटा २०२० मध्ये गेला, आणि २०२१च्या हंगामात पद्धतशीर सक्तीची वेचणी उरली नाही, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलं. उशिरा झालं, पण झालं.

आता नवी चिंता पाण्याचीच. ख्वारिझम या नदीच्या टेलला, म्हणजे शेवटाकडे आहे आणि टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं जगभर सारखं. वरच्याने पाणी उचललं की खालच्याने आभाळाकडे बघायचं, आणि इथे तर आभाळातही काही नाही. अफगाणिस्तानने २०२२ मध्ये २८५ किलोमीटरच्या कोश तेपा कालव्याचं काम सुरू केलं, तो याच नदीतून पाणी घेणार. त्यांनाही शेती हवीच आहे, त्यांना नाही कसं म्हणणार?

तेव्हा कमी पाण्यात भागवायच्या वाटा शोधल्या जाताहेत. लेझरने जमीन सपाट करणं ही एक, कारण उंचसखल वावरात उंचवट्यापर्यंत पाणी पोचवायला सखल भागात नाहक हातभर पाणी साठवावं लागतं. दुसरी वाट मला जास्त आवडते. पार खारावून गेलेल्या, पीक सोडून दिलेल्या तुकड्यांवर झाडं लावायची, त्यातही जिदा. चंदेरी पानांचं, काटेरी, चिवट झाड. लावल्यावर पहिली एक-दोन वर्षं थोडं पाणी द्यावं लागतं. मग त्याची मुळं खालच्या खाऱ्या भूजलापर्यंत पोचतात आणि झाड तेच पाणी पिऊन वाढतं, दिवसभर पानांतून हवेत सोडत राहतं. वीज नाही, डिझेल नाही, आणि आसपासचं भूजल हळूहळू खाली. वर हवेतला नायट्रोजनही जमिनीत आणून टाकतं. पाला शेळ्या-मेंढ्यांना, लाकूड चुलीला, आणि पिठूळ गोड फळं बाजारात, मापाने.